रेवतीनं आणलेला आवाज

“दे ती पेटी इकडे. जड आहे.”

“मी घेते.”

“रेवू, दे म्हटलं ना.”

रेवतीनं पेटी दिली नाही. रिक्षातून उतरून ती माझ्यापुढे चालू लागली. दहा वर्षांची पोर, आणि पावलागणिक तिच्या गुडघ्यावर आपटणारी ती काळी पेटी. आत सॅक्सोफोन होता. आमचा नव्हे, इनास सरांचा. वर्षभर तो आमच्या घरी, रेवतीच्या कपाटाशेजारी, पाहुण्यासारखा राहिला होता. आज परत करायचा होता. क्लास बंद.

सरांच्या घराकडे जायला वसईतल्या जुन्या केळीच्या वाडीतून पायवाट आहे. डाव्या हाताला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, त्यावर शेवाळाचा हिरवा थर. एरवी रेवती तिथे थांबून पाण्यात खडा टाकायची आणि ‘डुबुक’ तोंडानं परत काढून दाखवायची. त्या दिवशी थांबली नाही. मी मागून तिच्या खांद्यांकडे बघत होते. श्वास घेताना खांदे वर उचलले जातायत का? मान पुढे जातेय का? माझ्या पर्समध्ये तिचा दम्याचा पंप होता, पंपाला लावायची नळी होती, बोटाला लावून ऑक्सिजन बघायचा चिमटा होता. कंगवा नव्हता, रुमाल नव्हता.

“दम लागला?”

“नाही.”

“खरं सांग.”

“आई, नाही लागला.”

रेवती पहिलीत असताना एकदा मी सहज तिच्या खोलीत डोकावले होते, तेव्हा तिचे ओठ जांभळट पडले होते. सहज. त्या शब्दाची मला आजही धास्ती वाटते. मग हॉस्पिटल, वाफ, सुया, तिच्या गळ्याखालचा तो खळगा, श्वासागणिक आत ओढला जाणारा. बाळदमा आहे, वयाबरोबर कमी होईल, असं डॉक्टर म्हणाले, आणि खरंच कमी होत गेला. पंप क्वचित लागू लागला. छाती अगदी स्वच्छ आहे, फुंकायचं वाद्य तर चांगलंच, वाजवू द्या, असंही ते म्हणाले. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली. स्वच्छ दिसतं त्याच्यावर माझा विश्वास नाही.

आणि दिवाळीनंतर मला दिसायला लागलं होतं. रेवतीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. जेवताना हातातला घास हातात. गृहपाठाच्या वहीवर डोकं. शेवटी शाळेतून बाईंचा फोन. “अहो, रेवती वर्गात पेंगते. परवा प्रार्थनेत उभ्या उभ्या डोळे मिटले होते तिनं.” मी डॉक्टरांना त्या वर्तुळांचे फोटो पाठवले, खिडकीच्या उजेडातला एक आणि ट्यूबलाइटमधला एक. रक्त तपासून झालं. रिपोर्ट चांगले. मग उरलं काय? फुंकणं.

नवरा, श्रीरंग, तेव्हा कामासाठी चेन्नईत होता. फोनवर म्हणाला, “अगं, दिवसभरात ती वाजवतानाच काय ती हसते.”

“तू इथे नसतोस,” मी म्हणाले.

रेवतीला सांगितलं, “थोडे दिवस ब्रेक.” ती रडलीही नाही. फक्त विचारलं, “शनिवारी शेवटचं जाऊ?”

---

सरांच्या घराला लांबलचक पडवी आहे. तिथे एक बाकडं, बाकड्यामागे आतल्या खोलीची खिडकी. वर्षभर दर शनिवारी दुपारी मी त्याच बाकड्यावर तिरकी बसून गजांमधून आत बघत आले होते. आईबापांनी आत यायचं नाही, असा सरांचा नियम. “आईबाप समोर असले की पोरं आईबापांसाठी वाजवतात,” ते म्हणत.

“आलीस गं बाय?” सरांच्या बायकोनं, सेलीन काकूंनी, रेवतीच्या गालाला हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “किती सुकलीय पोर. ताई, हिला मासे देत जा.”

“आम्ही खात नाही, काकू.”

“मग अंडं तरी.”

“देते.”

“बांगडा असता तर वेगळी गोष्ट होती,” म्हणत काकू आत गेल्या.

इनास सर सत्तरीचे. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवलेला, मग गावात लग्नाच्या बँडमध्ये, आता घरी एकदोघांना शिकवणं. उंच, पुढे वाकलेले, गळ्यात सॅक्सोफोनचा पट्टा कायम अडकवलेला, वाद्य नसलं तरी. ते दारात आले. पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“म्हणजे नक्की का, ताई?”

“थोडे दिवस, सर. तिला झेपत नाहीये.”

“कोण म्हणालं, झेपत नाही?”

“तुम्ही तिचे डोळे बघा ना.”

सरांनी बघितले. गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, नीट. “हां,” ते म्हणाले. “दमलीय खरी.”

वाद घालतील म्हणून मी तयारी करून आले होते. ती तशीच राहिली.

“पण रिवाज आहे आपला,” सर रेवतीला म्हणाले. “जाणारा शेवटच्या दिवशी पुढे उभा राहतो. आवाज त्याचा. आम्ही त्याच्या मागून जायचं. आणलायस?”

रेवतीनं मान हलवली.

सरांची शिकवण्याची रीत सांगायला हवी. ते कागद देत नसत. दर आठवड्याला एक काम. घरातला एक आवाज घेऊन या. आधी तो जसा आहे तसा वाद्यातून काढायचा. मग त्यातले स्वर शोधायचे. मग त्या स्वरांना घराबाहेर फिरायला न्यायचं, वाटेत सुचेल तसं. या शेवटच्या भागाला ते इम्प्रोव्हायझेशन म्हणत. “हाच जॅझ,” ते म्हणत. “पाहुणा दारात उभा, बाजाराला जायला वेळ नाही, घरात दोन बटाटे आणि मूठभर सुका जवळा. आता कर त्यातून काय ते.” रेवतीनं वर्षभरात पुष्कळ आवाज नेले होते. शिट्टीआधीची कुकरची सुरसुर, लिफ्टचं दार, श्रीरंगची शिंक. शिंकेवर तर तिनं अशी काही धून उभी केली होती की श्रीरंगला फोनवर ऐकवली तेव्हा तो हसून हसून खरंच शिंकला होता.

त्या आठवड्याचं काम होतं: घरात फक्त तुम्हालाच ऐकू येणारा, बाकी कुणालाच ऐकू न येणारा आवाज.

---

खोलीत आधीपासून डॉक्टर वझे बसले होते. दातांचे डॉक्टर, साठीच्या अलीकडचे, गोलमटोल. शनिवारचा तास त्यांचा आणि रेवतीचा जोडून असे. त्यांचं आणि रेवतीचं बरोबरीच्या मित्रांसारखं चाले.

“काय गं, मला एकट्याला टाकून चाललीस? आता सरांचा ओरडा एकट्यानं खायचा मी?”

“तुम्हाला कधी ओरडतात सर?”

“मनातल्या मनात ओरडतात. मला ऐकू येतं. तोच आवाज आणणार होतो आज.”

“वझे,” सर म्हणाले, “आधी तुमचा. पोरीच्या आधी उरकून घ्या.”

वझ्यांनी सॅक्सोफोन पोटावर टेकवला. “आमचा फ्रीज. दुपारी सगळे झोपले की बंद होतो. बंद होताना असा आवाज करतो.” त्यांनी गाल फुगवले. आधी एक घरघर, मग अडखळलेला ढेकर, मग खोल कुठेतरी ‘धडप’.

रेवती खिदळली. मी खिडकीतून तिचा गळा पाहिला. हसताना खळगा आत जात नव्हता.

“आणि हा फक्त तुम्हालाच ऐकू येतो?” सरांनी विचारलं.

“बायको म्हणते, फ्रीज नाही तो, तुमचं पोट आहे.”

“मग दोघांनाही येतो की ऐकू. नापास.” पण सरांनी तो ढेकर उचललाच. आपल्या वाद्यावर हळूच तो एकदा, दोनदा फिरवला, मधली अडखळ तशीच ठेवली, आणि बघता बघता तो फ्रीज कमरेत लचकत चालायला लागला. वझे त्याच्या मागून धापा टाकत. रेवती पायानं ताल धरून. मला तेव्हाही वाटलं, हे सगळं आजच बंद करायला हवं का? मग तिच्या डोळ्यांखालचं ते काळं दिसलं आणि मी पर्सची चेन उघडून पंप जागेवर आहे ना, ते चाचपलं.

“चल, बाय,” सर म्हणाले. “तुझा.”

रेवती उठली. पट्टा खांद्यांवर घेतला, रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाची वेताची पट्टी, जिभेनं ओली केली. उभी राहिली ती खिडकीकडे पाठ करून. मला तिचा चेहरा दिसेना. मी बाकड्याच्या टोकाला सरकले, तरी दिसेना.

आधी काहीच झालं नाही. मग वाद्याची एक झडप मिटल्याचा आवाज आला. ‘टक’. फुंकलं नव्हतंच तिनं, नुसतं बोट. मग खालच्या मोठ्या झडपा, अगदी हलक्या. ‘धप… धप… धप.’ मग पुन्हा काही नाही.

“रीड फुटली वाटतं,” वझे हळूच म्हणाले.

आणि मग मला तो आवाज ऐकू आला. स्वर नव्हता तो. हवा होती. नळीतून आत ओढली जाणारी हवा, मग बाहेर सोडलेली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. पितळेच्या त्या पोकळीत तो केवढा मोठा झाला होता. तिच्या खांद्यांची पाती फ्रॉकच्या आतून वर येत होती, खाली जात होती.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. बाकडं मागे पडलं होतं, असं काकू नंतर म्हणाल्या. पंप हातात, तो हलवत हलवत मी पडवीतून धावत दारात आले. दार ढकलताना कडी भिंतीवर आपटली.

“रेवू! बस खाली. सोड ते, सोड तोंडातून! सर, तिला दम…”

सरांनी तळहात वर केला. माझ्याकडे न बघता. रस्त्यावर गाडी थांबवतात तसा.

रेवती वळली. तिचे ओठ गुलाबी होते. गाल कोरडे. खळगा स्थिर. मी आधी ते सगळं पाहिलं आणि मग तिचा चेहरा पाहिला. ती दचकली होती, आणि जरा चिडलीही होती.

“आई, मला काही नाही झालंय. मी वाजवतेय.”

“हे वाजवणं?”

“हाच माझा आवाज आहे. मधेच काय येतेस?”

माझ्या हातात पंप तसाच वर धरलेला. वझे अर्धवट उठले होते, ते पुन्हा बसले. सर म्हणाले, “ताई, आल्यात तर उभ्या राहा. पण आता बोलू नका. बाय, पहिल्यापासून. आणि या वेळी सांगत जा, काय काय आहे त्यात. आम्हाला मागून यायचंय.”

रेवतीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सरांकडे वळून, धडा म्हणून दाखवावा तशी सांगायला लागली.

“हे माझ्या खोलीचं दार.” टक.

“बरं.”

“ही आई.” धप… धप… धप. “ती स्लीपर बाहेर काढून येते, म्हणून एवढं हळू.”

“पुढे?”

“मग ती थांबते. मग ही मी. झोपलेली.” आणि तिनं वाद्य तोंडात धरून तो श्वास घेतला. आत, बाहेर. लांब, सारखा, कुठेही न अडकणारा.

मी तो ओळखला. आता ओळखला. हाच श्वास होता. गेली चार वर्षं रोज रात्री मी तिच्या नाकापाशी बोट धरून हाच श्वास ऐकत आले होते, आणि हा ऐकूनच मग मला माझ्या अंथरुणावर पाठ टेकता येत होती.

वझ्यांना खोलीतलं अवघडलेपण सोसवेना. ते हसून म्हणाले, “ए वेडाबाई, झोपलेल्या माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो का? तूही नापास.”

“मी झोपलेली नसते ना, काका.”

“म्हणजे?” सरांनी विचारलं.

“म्हणजे मी झोपल्यासारखं करते. आई येईपर्यंत जागी राहते.” ती वाद्याच्या झडपांवरून बोटं फिरवत होती. “आई नाकाशी बोट लावते. हळू श्वास घेतला की तिला कळत नाही. मग ती मोबाइलचा उजेड पाडते तोंडावर. मग चिमटा लावते. म्हणून मोठा घ्यायचा. पण खूप मोठा घेतला तर ती पंप आणायला जाते. बरोबर मधला लागतो.” तिनं पुन्हा एकदा घेऊन दाखवला. “असा. हा घेतला की ती लगेच जाते.”

“हे तुला कुणी शिकवलं?”

“मीच शोधलं. पहिलीत होते तेव्हा. आधी जमायचं नाही, हसू यायचं.”

“आणि आई गेली की झोपतेस?”

“लगेच नाही. हल्ली, दिवाळीपासून, ती परत येते. गॅस बघते, दार बघते, मग परत येते. मग अजून एकदा.” रेवतीनं खांदे उडवले. “म्हणून थांबते मी. झोप लागली आणि तेव्हाच ती आली तर?”

“तर काय होईल, बाय?”

“तर श्वास हळू होईल ना माझा. ती घाबरेल.”

वझ्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसू लागले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

मला बसायचं होतं, पण माझ्यामागे फक्त दार होतं. मी त्याला टेकले. रेवतीच्या डोळ्यांखालची ती वर्तुळं माझ्या समोर होती. त्यांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते, तारीखवार. त्याच मोबाइलचा उजेड.

“पण मग हा आवाज आईलाही ऐकू येतो की,” वझे म्हणाले. त्यांना बहुधा काहीतरी बोलायचंच होतं.

“आईला झोपेचा ऐकू येतो,” रेवती म्हणाली. “हा नाही.”

सर आता मला काही सुनावणार, असं वाटून मी खाली बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सुनवावं असं वाटत होतं. त्यांनी आपलं वाद्य उचललं.

“पास,” ते म्हणाले. “वझे, खालचा एक स्वर धरा. लांब. फुगवायचा नाही. मी त्याच्या वर बसतो. बाय, तू दारापासून सुरू कर… नाही, थांब.” ते माझ्याकडे वळले. “दार ताईंचं आहे. ते ताई वाजवतील.”

“मी?”

“कडी तुमच्या हाताशीच आहे. तुम्हाला यायचं तेव्हा वाजवा. आम्ही थांबू.”

माझा हात खरंच कडीवर होता. जुनी लोखंडी कडी, गार. वझ्यांचा स्वर सुरू झाला, जमिनीलगत, जरा थरथरता. सरांनी त्याच्या वर एक उभा केला. आणि त्या दोघांच्या मधोमध रेवती उभी, वाद्य तोंडात, डोळे माझ्यावर.

तिनं श्वास सुरू केला. तोच, मधला. आत, बाहेर. ती माझ्या हाताकडे बघत होती. कडी वाजली की तिला पुढचं करायचं होतं. मी जाईपर्यंत टिकवायचं, मग थांबायचं, मग पुन्हा. तिला सगळं पाठ होतं.

मी कडी धरून उभी राहिले.

वझ्यांचा दम संपला, त्यांनी नवा घेतला. सरांचा स्वर अर्ध्या पायरीनं खाली उतरला. रेवती वाट बघत होती. तिचे डोळे माझ्या बोटांवरून हलेनात. आत, बाहेर, आत, बाहेर. मी कडी हलवली नाही. माझं बोट लोखंडावर चिकटल्यासारखं झालं होतं. हलवली नाही असं म्हणते, पण ते मी ठरवलं होतं की मला जमत नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

थोड्या वेळानं तिच्या कपाळावर आठी पडली. श्वास चुकला. एक छोटा निघाला, मग एक अर्धाच. मग त्या हवेत कुठेतरी रीड थरथरली आणि एक स्वर आला. कच्चा, दोन भागांत फाटलेला. रेवती स्वतःच दचकली. सरांच्या भुवया वर गेल्या, पण ते थांबले नाहीत. त्यांनी खालून तो फाटका स्वर उचलून धरला. रेवतीनं पुन्हा काढला. आता लांब. मग दुसरा, वरचा. मग तिचे डोळे माझ्या हातावरून सुटले, मिटले, आणि ती वाजवायला लागली.

किती वेळ, ते मला माहीत नाही. त्यात शिंक नव्हती, लिफ्ट नव्हती, कुकर नव्हता. मध्येच ती हसल्यासारखं काहीतरी वाजवी, मध्येच रुसल्यासारखं. वर्षभर मी तिला वाजवताना बघत आले होते. ऐकलं त्या दिवशी.

---

वझे निघताना माझ्यापाशी थांबले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग फक्त म्हणाले, “माझा मुलगा लहान असताना मी रात्री दवाखान्यातून फोन करायचो. झोपलास का, ते त्यालाच विचारायला.” आणि केळीच्या वाटेनं गेले.

काकूंनी चहा आणला. पडलेलं बाकडं कुणीतरी उचलून ठेवलं होतं. सॅक्सोफोन पुसून पेटीत ठेवला गेला होता आणि पेटी माझ्या पायापाशी होती. रेवती माझ्याशेजारी बसली.

“रागावलीस?” तिनं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

“मला वाटलं, सर म्हणाले आवाज आणा, म्हणून…”

“छान होता,” मी कसंबसं म्हणाले.

“मग रडतेस का?”

“चहा गरम आहे.”

तिनं माझ्या कपाकडे पाहिलं. त्यावर साय धरली होती. मग ती आडवी झाली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. काकू आतून काहीतरी विचारायला आल्या आणि बोटानंच ‘झोपली’ अशी खूण करून परत गेल्या.

मी खाली पाहिलं. झोपली होती. भर दुपारी, उजेडात, तोंड जरासं उघडं टाकून, एक हात बाकड्यावरून खाली लोंबत.

आणि मला तिचा श्वास ऐकू येईना.

मी कान देऊन ऐकलं. वाडीत पाण्याचा पंप चालू होता, दूर कुणीतरी नारळ सोलत होतं. तिच्याकडून काहीच नाही. छाती अगदी पुसट हलत होती, तीही सारखी नाही. दोनदा भराभर, मग कितीतरी थांबून, मग उगाच एक बारीकसा, उंदरासारखा. मग पुन्हा थांबणं. हा श्वास मी चार वर्षांत ऐकला नव्हता. कुणाचा तरी भलत्याचाच वाटला. मधला नव्हता, लांब नव्हता, माझ्यासाठी नव्हता.

माझा उजवा हात आपोआप उठला. बोट तिच्या नाकाकडे गेलं. अगदी जवळ, ऊब लागेल इतकं.

सर दारात उभे होते. त्यांनी पेटीकडे बोट केलं आणि ओठांनीच विचारलं, “आत ठेवू?”

मी तो हात तसाच खाली नेला आणि पेटीच्या मुठीभोवती आवळला. मान नाही म्हणून हलवली, अगदी हळू, मांडी हलणार नाही अशी.

सर आत गेले. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती हातानं उचलून धरली.